तात्पर्याच्या चौकटीबाहेर

गोष्ट संपली की खाली रंगीत चौकट आणि चौकटीत तात्पर्य. नव्या मराठी बालपुस्तकांचा गठ्ठा चाळताना ही चौकट इतक्यांदा भेटली की शेवटी राग आला. कागद गुळगुळीत, छपाई झकास. चित्रं मात्र मजकुराची री ओढणारी: झाडावर माकड बसलंय असं लिहिलं, की चित्रातही झाडावर माकड. चित्रकाराचं नाव आतल्या पानावर, बारीक अक्षरात.

डच चित्रपुस्तकं त्याच सुमारास पाहत होतो, म्हणून हे जास्त बोचलं. डिक ब्रूनाची मिफी ही सशाची पोर १९५५ सालची. जाड काळी रेघ, मोजके सपाट रंग, डोळ्यांचे दोन ठिपके, तोंडाच्या जागी फुली. ती थेट वाचणाऱ्याकडे पाहते. रडते तेव्हाही चेहरा तोच, गालावर फक्त थेंब. बाकीचं दुःख मुलानं ओळखायचं. फीप वेस्टेनडॉर्पनं यिप आणि यानेके ही दोन पोरं निव्वळ काळ्या सावल्यांतून उभी केली. माक्स फेल्टहाउसच्या एका गोष्टीत परक्या उंदराबद्दल सगळे वाईट बोलतात. बेडूक मात्र स्वतः जाऊन त्याला भेटतो. तिथे चित्रकारांसाठी १९७३पासून ‘सोनेरी कुंचला’ हा स्वतंत्र पुरस्कार आहे.

ही नजर आपल्याकडे माधुरी पुरंदरे यांच्यापाशी आहे. ‘राधाचं घर’ घ्या, यशची पुस्तकं घ्या. लिहिणारा आणि चितारणारा हात एकच, त्यामुळे वाक्य जिथे थांबतं तिथून चित्र बोलायला लागतं. ‘चित्रवाचन’मध्ये तर बोलायचं मुलानंच. २०१४मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला, त्याचा आनंदच आहे. पण एकट्या बाईंच्या कामावर सगळ्या मराठीनं किती वर्षं मिरवायचं? पंचतंत्र-इसापाच्या चकचकीत आवृत्त्यांबद्दल तर न बोललेलंच बरं.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला राहतो. इथल्या पोराला रेल्वे स्टेशन ठाऊक आहे, उजनी धरणाचं पाणी, त्यातल्या होड्या, केळीच्या बागा, ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, ठाऊक आहेत. चित्रपुस्तकातलं गाव मात्र अजून विहीर, बैलगाडी आणि फेटेवाले आजोबा यांच्यापुढे जात नाही. चित्रपट दिग्दर्शक नागराज मंजुळे याच जेऊरचे. शाळेसाठी आसुसलेलं पोर त्यांनी ‘पिस्तुल्या’त दाखवलं, पुढे २०१३मध्ये ‘फँड्री’ केला. पडद्याला जे पेललं ते कागदाला का पेलू नये? मुलांना गोडगोडच दाखवावं, हा हट्ट मोठ्यांच्या सोयीचा आहे. कोपीत जन्मलेल्या मुलापासून कोपी लपवून त्याचं कसलं रक्षण होतं? उलट, आपलं घर पुस्तकात काढण्याच्या लायकीचं नाही, एवढंच ते शिकतं.

‘खप नाही’ हे उत्तर पुरे झालं. खपाची सबब सांगण्याआधी तशी पुस्तकं काढून तर पाहा. तालुक्या-तालुक्यांत एटीडी म्हणजे कलाशिक्षक पदविका केलेली, हातात रेघ असलेली पोरं कामाविना बसली आहेत. प्रकाशकांनो, त्यांना बोलवा, त्यांच्या गावाची पुस्तकं त्यांच्याकडून काढून घ्या, पुरतं मानधन द्या आणि मुखपृष्ठावर त्यांचं नाव लेखकाच्या बरोबरीनं छापा.