नाथांचा तुर्क आणि पाद्रीगुरूंचा शिष्य : मराठीतले दोन संवाद

धर्माधर्मांतल्या सलोख्याचा विषय निघाला, की एकनाथांच्या ‘हिंदु-तुर्क संवादा’चं नाव हमखास घेतलं जातं. पण घेतलं जातं ते शेवटापुरतंच. दोघे भांडले, समजूत पटली, गळाभेट झाली, संपलं. खरं तर ६६ कडव्यांच्या ह्या रचनेत गळाभेट येते अगदी शेवटी. आधीचं भांडण वगळून ती गळाभेट सांगणं म्हणजे नाथांचं निम्मं काम पुसून टाकणं, असं माझं म्हणणं आहे.

नाथांचा काळ साधारण १५३३ ते १५९९. पैठण तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीत होतं. गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते, अशी परंपरा सांगते. म्हणजे ‘तुर्क’, अर्थात मुसलमान, हा नाथांना पोथीतून भेटलेला नव्हता. तो कचेरीत होता, बाजारात होता, शेजारी होता. म्हणूनच संवादात तो दखनी बोलतो, हिंदू मराठी बोलतो, आणि दोघांना एकमेकांचं नीट कळतं. दुभाषा लागत नाही.

आता भांडण पाहू. तुर्क पुराणकथांची टर उडवतो, मूर्तिपूजेवर बोट ठेवतो, सोवळ्याओवळ्याची खिल्ली उडवतो. हिंदूही गप्प बसत नाही. देव सगळीकडे आहे तर तोंड पश्चिमेलाच का करता, असं तो विचारतो. जीव मारण्यावरून टोकतो. शब्द दोन्हीकडून झोंबणारे आहेत. लक्षात घेण्याची गोष्ट ही, की लिहिणारा स्वतः ब्राह्मण आहे, आणि तरी त्यानं तुर्काचे वार बोथट केलेले नाहीत. विटाळाच्या कल्पनेवरचा टोला तर पैठणच्या ब्रह्मवृंदालाच लागतो. जे घरच्या माणसानं सांगून ऐकलं गेलं नसतं, ते नाथ परक्याच्या तोंडून वदवतात.

ह्याच काळात खाली गोव्यात दुसरा एक ‘संवाद’ आकार घेत होता. मूळचे इंग्लंडचे जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्याला पोचले आणि पुढे त्यांचं बरंचसं आयुष्य सासष्टीत गेलं. त्या सासष्टीत देवळं पाडली गेली होती. १५८३ साली कुंकळ्ळीत चिडलेल्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केलं. मग गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आलं. बोलणी ह्या शब्दाची तिथं काय पत राहिली असेल, ते वेगळं सांगायला नको.

त्यानंतर ३३ वर्षांनी, १६१६ साली, राशोलला स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापून निघालं. जवळपास ११ हजार ओव्या! मराठीवरचं त्यांचं प्रेम अस्सल आहे, त्याबद्दल वाद नाही. ओवी त्यांनी आपली केली. स्वर्गाला ते बिनदिक्कत वैकुंठ म्हणतात. ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक नवा ख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग वाचायला दुसरं काही का देत नाही? हा प्रश्न खरा आहे. त्यात एका अख्ख्या समाजाची पोकळी बोलते. पण पुढं काय होतं? शिष्य थोडक्यात शंका काढतो आणि गुरू विस्तारानं निरसन करतो. गुरूलाच निरुत्तर करील असा प्रश्न विचारायची सोय तिथं ठेवलेलीच नाही. स्टीफन्सनी लोकांची भाषा समजून घेतली. लोकांचा धर्म मात्र त्यांना पुसायचाच होता.

म्हणून नाथ थोर आणि स्टीफन्स खोटे, असा सोपा निकाल मला द्यायचा नाही. नाथांच्या संवादालाही मर्यादा आहेत. तुर्काचे शब्दही नाथांनीच लिहिलेत, आणि समजूत पटते ती बरीचशी अद्वैताच्या अंगणात. एखाद्या मौलवीनं हाच संवाद लिहिला असता तर शेवट वेगळा झाला असता. फरक आहे तो परिस्थितीचा. पैठणला राज्य एकाचं होतं आणि लेखणी दुसऱ्याची, त्यामुळे तोल सांभाळावा लागत होता. सासष्टीत राज्य आणि लेखणी एकाच बाजूला होती. संवाद जमतो की नाही, हे बोलणाऱ्यांच्या सद्भावनेइतकंच ह्या तोलावरही ठरतं.

आज गोव्यात, बेळगावात, हैदराबादेत आपण ज्या सलोख्याच्या सभा भरवतो, तिथं सगळे धर्म एकच सांगतात, असं म्हणून पहिल्या पाच मिनिटांतच गळाभेट उरकली जाते. मनातले खरे आक्षेप मनातच राहतात आणि घरी परतल्यावर फोनवर उफाळून येतात. नाथांचा क्रम उलटा आहे. आधी ते मळ बाहेर काढू देतात, दोघांनाही सारखी संधी देतात, आणि मग हात पुढं करायला लावतात.

तेव्हा पुढच्या एकनाथषष्ठीला कुठं हा संवाद सादर होणार असेल, तर एक विनंती. काटछाट करू नका. सगळी ६६ कडवी म्हणा, दोन आवाजांत म्हणा, आणि जमल्यास तुर्काचा भाग दखनी जिच्या घरात बोलली जाते अशा व्यक्तीला द्या.