दोन दुणे चार आणि उणे एकचे वर्गमूळ

जॉर्ज ऑर्वेल यांची '१९८४' ही १९४९ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी विज्ञानशिक्षकांना जवळची वाटते. तिच्यात शासन छळ करून नायकाकडून दोन अधिक दोन पाच असे वदवून घेते. म्हणजे गणित सत्याच्या बाजूला आणि हुकूमशाही त्याच्या विरुद्ध. आपल्याला बरे वाटते! वर्गात चर्चेला मात्र मी येव्गेनी झाम्यातिन यांची 'आम्ही' निवडीन. ती हा दिलासा देत नाही.

झाम्यातिन हे जहाजबांधणीचे रशियन अभियंते. १९२०-२१ मध्ये लिहिलेली ही कादंबरी १९२४ मध्ये इंग्रजीत आली. सोव्हिएत संघात ती छापली जायला १९८८ उजाडले. तिच्यातल्या राज्यात माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत, घरे काचेची आहेत आणि प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा असा नियम आहे. निवेदक डी-५०३ हा गणिती आहे, अंतराळयान बांधतो आहे आणि तो सुखी आहे. येथे शासन 'दोन दुणे चार' नाकारत नाही, त्याची पूजा करते. डी-५०३ ला शाळेत रडवले ते √−१ ने, कारण ही संख्या त्याच्या नीटनेटक्या जगात कुठेच बसेना. (उमेळ्यातल्या दहावीच्या एका मुलीने मला विचारले, "ती नसतेच, तर त्रास कशी देते?" मराठीत आपण तिला काल्पनिक संख्या म्हणतो, प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाची गणिते मात्र तिच्याच आधाराने सुटतात.)

हे सारे परके वाटत असेल तर १९७६ आठवावे. आणीबाणीत महाराष्ट्र विधिमंडळाने एक विधेयक मंजूर केले. तीन मुले असलेल्या जोडप्यांना नसबंदी सक्तीची, न केल्यास तुरुंग. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. पण देशभरात १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. उत्तरेत तर ठरवून दिलेल्या 'केसेस' आणल्या नाहीत म्हणून शिक्षकांचे पगार अडवले गेले. लोकसंख्यावाढीचे आकडे खोटे नव्हते. बेरीज बरोबर होती. तिच्यातून माणसांवर सक्तीचा अधिकार निघतो, हा निष्कर्ष कोणत्याही गणितात बसत नाही. ऑर्वेलच्या चौकटीत हा प्रसंग मावत नाही, झाम्यातिनच्या मावतो. यावर एखादी चांगली मराठी विज्ञानकथा व्हायला हवी होती.

कादंबरीत दोष आहेत. प्रेमकथा विस्कळीत आहे, तुटक वाक्ये दमवतात. पण एक प्रसंग अकरावी-बारावीच्या मुलांना जरूर सांगावा. बंडखोर आय-३३० ही डी-५०३ ला शेवटची संख्या विचारते. संख्या अनंत आहेत, शेवटची कशी असेल, असे तो म्हणतो. मग शेवटची क्रांती तरी कशी असेल, हा तिचा पुढचा प्रश्न. गणिती गप्प!

अखेरीस क्ष-किरणांनी त्याच्या मेंदूतले कल्पनेचे केंद्र जाळले जाते. त्यानंतरच्या टिपणात तो तिचा छळ शांतपणे नोंदवतो. त्या नोंदीत तर्काची एकही चूक नाही.