चिल, चिलीम आणि काळजी

भिवापूरच्या एका चहाटपरीवरचा प्रसंग. धानाच्या भावावरून कुरकुरणाऱ्या आबाजींना कॉलेजातला नातू म्हणाला, "आबाजी, कायले टेन्शन घेता? चिल मारा." आबाजी गोंधळले. "चिलम? ते तं मी कवाचीच सोडली ना बाप्पा!" टपरीवर हशा पिकला. मीही हसलो आणि घरी येऊन वहीत नोंद केली. भाषाशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. कानावर पडलेला शब्द तारीख घालून लिहून ठेवायची सवय तेवढी आहे. त्या वहीतल्या 'चिल' या एका शब्दाचा हा हिशेब.

इंग्रजीत हा शब्द जुना आहे. मूळ अर्थ गारठा. तापाच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर डॉक्टर 'चिल्स' लिहितात, ती आपली हुडहुडी. भीतीने अंगावर येणाऱ्या शहाऱ्यालाही इंग्रज हाच शब्द लावतो. सैलावणे, निवांत होणे हा अर्थ मात्र अलीकडचा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या बोलीतून, हिप-हॉप संगीताचे बोट धरून तो जगभर गेला. पुढे २०१५च्या सुमारास 'नेटफ्लिक्स अँड चिल' या जोडीला तिकडे शय्यासोबतीच्या आडवळणी आमंत्रणाचा अर्थ चिकटला. आपली मुले मात्र 'घरी बसून सिनेमा पाहिला' एवढ्याच अर्थाने ती बिनधास्त लिहितात. शब्द सीमा ओलांडतो तेव्हा त्याची सावली सोबत येतेच असे नाही.

माझ्या वहीत 'चिल'च्या तीन तऱ्हा दिसतात. पहिली विश्रांतीची: "रविवारी काही नाही, मस्त चिल केलं." दुसरी स्वभावाची: "नवीन सर एकदम चिल आहेत," म्हणजे रागावत नाहीत. तिसरी आज्ञेची: "चिल!" किंवा "चिल मार." पहिल्या दोन तऱ्हांत बोलणारा स्वतःबद्दल किंवा तिसऱ्याबद्दल बोलतो. तिसरीत तो समोरच्याला काहीतरी करायला सांगतो. माझा वाद आहे तो या तिसरीशी.

त्याआधी शब्दाच्या बाजूने बोलायला हवे. मराठीने त्याला आपल्या व्याकरणात छान बसवून घेतले आहे. इंग्रजीत 'चिल' हेच क्रियापद. आपण त्याला मदतनीस दिला, आणि तोही 'मारणे'! चक्कर मारणे, थाप मारणे, डुलकी मारणे, तसेच चिल मारणे. आणि गारव्याची ओढ तर इथलीच आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार जाणाऱ्या नागपूर जिल्ह्यात 'डोकं थंड ठेव', 'जीव गार झाला' ही सुखाची भाषा. इंग्रजाला थंडीतून सुखापर्यंत यायला वळसा घ्यावा लागला, आपल्याला ती वाट पायाखालची होती.

'परका शब्द नको' हा आक्षेपही मला पटत नाही. माधव ज्यूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश दिला आणि त्यांनीच पुढे १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परक्या शब्दांच्या भरतीबद्दल सावध केले. त्यांच्या तळमळीबद्दल आदर आहे. पण माझ्या गावाकडे पाहा. भिवापूरची ओळख मिरची, तिला भौगोलिक मानांकनही आहे. ती मिरची मूळची अमेरिकेची, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलेली. आपण तिला काळ्या मिऱ्याचे 'मरीच' हे जुने नाव फिरवून दिले आणि ती आपली झाली. इंग्रजीतले 'चिली' हे मेक्सिकोच्या नावाट्ल भाषेतले, त्याचा 'चिल'शी काही संबंध नाही. पण परकी मिरची ज्या गावाचे नाव होते, त्या गावाने परक्या शब्दाला कोणत्या तोंडाने नावे ठेवावीत?

तेव्हा प्रश्न शब्द कुठून आला हा नाही. तो कोण कोणाला म्हणतो, हा आहे.

हंगामात एका मिरची सातऱ्यावर गेलो होतो. ढिगाभोवती बसून बाया देठ खुडत होत्या. ठसका एवढा की मला पाच मिनिटे उभे राहवेना. एकीने हिशेब पाहणाऱ्या तरुणाला विचारले, "आठवड्याचा चुकारा कवा भेटन?" तो मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, "चिल ना मावशी." ती क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली. मग आपले तळहात पाहून म्हणाली, "हात जळून राह्यले बाप्पा, अन् म्हनते चिल." त्या दिवशी कोणी हसले नाही.

जुना माणूस तिथे काय म्हणाला असता? "फिकर नको करू, मी पाहतो." 'फिकर' हाही अरबीतून आलेला पाहुणाच. पण त्या वाक्याला दुसरा अर्धा भाग असतो: मी पाहतो, मी आहे, उद्या देतो. 'काळजी करू नका' म्हणणारा समोरच्याच्या काळजीतला थोडा वाटा स्वतःच्या खांद्यावर घेतो. न घेतला तर तो खोटा पडतो. 'चिल'ला हा दुसरा भागच नाही. तिथे चुकारा थकला हा दोष उरत नाही, मावशीने तो विचारला हा दोष ठरतो. सगळी दुरुस्ती तिच्याच मनात व्हायची असते.

मित्रामित्रांत, बरोबरीच्यांत 'चिल' गोड आहे. तिथे दोघांनाही चिल मारायची मुभा असते. ज्याच्या हाती दुसऱ्याचे देणे आहे, त्याच्या तोंडी मात्र तो शब्द दार लावून घेतो. बँकेच्या खिडकीवर, दवाखान्याच्या बाकड्यावर आणि घरातही मी तो असाच ऐकला आहे.

घरातही, कारण वहीत एक नोंद माझीच आहे. मुलीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री ती रडवेली झाली असता मी म्हणालो, "चिल कर गं." ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा बसा ना इथं."

बसलो. शब्द तिथे लागलाच नाही.