‘आक्रमकता’ या नामाची चिकित्सा

धिप्पाड पुरुष भांडखोर असतो आणि त्याच्या भांडखोरपणाचे मूळ त्याच्या पौरुषाच्या स्रावात असते, हा समज फार जुना आहे. विसाव्या शतकात त्याला शास्त्राचे पाठबळ मिळाल्यासारखे दिसले. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, शरीरविज्ञानाचा नव्हे. तेव्हा प्रयोगशाळेतील मोजमापावर निवाडा देण्याचा अधिकार तो सांगू इच्छीत नाही. परंतु जे मोजावयाचे त्याला नाव देण्याचे काम भाषेचे असते, आणि या विषयातील पुष्कळसा घोटाळा मोजमापात नसून नावात आहे, एवढेच येथे प्रतिपादावयाचे आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. ‘आक्रमकता’ हा ‘अ‍ॅग्रेशन’चा पर्याय म्हणून आपल्याकडे रूढ झाला. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘पाऊल टाकणे’ या अर्थाचा धातू आहे. संस्कृत ‘क्रम्’ धातूचाही मूळ अर्थ तोच. म्हणजे दोन्हीकडे आरंभी एक क्रिया आहे : कोणाच्या तरी दिशेने चालून जाणे. ‘आक्रमण’ म्हणताच कोणी, कोणावर, केव्हा, हे प्रश्न उभे राहतात. त्याच धातूला कर्तृवाचक प्रत्यय लागून ‘आक्रमक’ झाला, आणि त्यापुढे ‘ता’ लागून ‘आक्रमकता’ हा गुण निर्माण झाला. या प्रवासात कर्म गळाले, प्रसंगही गळाला. जे दोन माणसांमध्ये घडत होते ते एका माणसाच्या आत जाऊन बसले. एकदा ते आत बसले की मग त्याचा शोध स्नायूंत किंवा रक्तात घेणे क्रमप्राप्तच होय.

या शोधाचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डन यांचे ग्रंथ. जर्मनीत क्रेट्श्मर यांनी १९२१ मध्ये देहयष्टी व स्वभाव यांची सांगड घातली होती. शेल्डन यांनी १९४० मध्ये देहाचे मेदप्रधान, स्नायुप्रधान व कृश असे तीन घटक मानून प्रत्येकास १ ते ७ अंक देण्याची पद्धत मांडली, आणि १९४२ च्या ग्रंथात स्नायुप्रधान देहाशी धाडसी, वर्चस्वप्रिय, झुंजार स्वभाव जोडला. सहसंबंध इतका घनिष्ठ आला की शंका यावी. आणि शंकेला आधारही आहे. देहाला गुण देणारा आणि स्वभावाला गुण देणारा परीक्षक एकच होता. ज्याने आधी रुंद छाती पाहिली त्याला मागाहून स्वभावही रुंद छातीचाच दिसला, तर त्यात नवल कोणते?

१९४९ च्या ग्रंथात शेल्डन यांनी बॉस्टनमधील २०० तरुणांची प्रकरणे मांडली. तेथे अपराधित्वाची व्याख्या कायद्यावरून न करता वर्तन किती निराशाजनक ठरले यावरून केली आहे. निराशा कोणाची, हे व्याख्येत नाही. ती अर्थातच निरीक्षकाची. समाजशास्त्रज्ञ सदरलँड यांनी १९५१ मध्ये या ग्रंथाची कठोर झडती घेतली, ती यथायोग्यच म्हटली पाहिजे.

तथापि शेल्डन चुकले म्हणून देहाचा प्रश्नच खोटा ठरला, असे म्हणणे उतावळेपणाचे होईल. ग्लूक दांपत्याने १९५६ मध्ये बॉस्टनमधील ५०० अपराधी व ५०० निरपराधी मुलांची तुलना केली, तेव्हा स्नायुप्रधान देहाचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ६० टक्के, तर दुसऱ्यात सुमारे ३१ टक्के आढळले. मॉरिशसमधील १,१३० मुलामुलींचा अभ्यास एड्रियन रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. तिसऱ्या वर्षी जी मुले अंगाने मोठी होती त्यांत अकराव्या वर्षी आक्रमक वर्तन अधिक दिसले. परंतु अकराव्या वर्षीच्या देहाकाराशी असा संबंध आढळला नाही. हा तपशील मार्मिक आहे. देहाचे बळ हेच कारण असते, तर ज्या वर्षी मारामारी होते त्या वर्षीचे बळ मोजणे पुरले असते. एक अर्थ असा संभवतो की लहानपणी ज्याला ढकलून हवे ते मिळते, तो ढकलणे शिकतो. मग देह हे कारण न राहता शिक्षणाची संधी ठरतो. हा अर्थ सिद्ध झालेला नाही. पण ‘देहातच आक्रमकता आहे’ या विधानापेक्षा तो अधिक काळजीपूर्वक केलेला आहे.

आता स्रावांकडे वळू. गटिंगेन येथे बेर्टोल्ड यांनी १८४९ मध्ये सहा कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषण काढलेले कोंबडे आरवेनासे व झुंजेनासे झाले. ज्यांच्या पोटात वृषणाचे पुनरारोपण केले ते पुन्हा आरवू व झुंजू लागले. १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन शुद्ध रूपात हाती आले व कृत्रिम रीतीने तयारही झाले. तेव्हापासून कोंबड्याचा न्याय पुरुषाला लावण्याचा मोह सुटलेला नाही. प्रत्यक्षात पुरुषांच्या रक्तातील वा लाळेतील टेस्टोस्टेरॉन आणि आक्रमकता यांचा संबंध फार क्षीण आहे. २००१ मधील एका एकत्रित विश्लेषणात सहसंबंधगुणांक ०.१४ आला, २००५ मध्ये आर्चर व सहकाऱ्यांनी तेच साहित्य दुरुस्त करून तपासले, तेव्हा तो ०.०८ वर उतरला. या दुसऱ्या अंकाचा अर्थ असा की माणसामाणसांतील फरकाच्या शंभर भागांपैकी एक भागही या स्रावाशी जोडता येत नाही.

याहून बोलका पुरावा १९९६ मधील आहे. शलेंदर भसीन यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकेतील प्रयोगात ४३ निरोगी पुरुषांपैकी काहींना दहा आठवडे दर आठवड्यास ६०० मिलिग्रॅम, म्हणजे शरीराच्या गरजेच्या कित्येक पट, टेस्टोस्टेरॉन दिले गेले. व्यायाम न करताही त्यांचे मेदरहित वजन सरासरी ३.२ किलोग्रॅमने, व व्यायामासह ६.१ किलोग्रॅमने वाढले. येथे स्रावही वाढला आणि देहही वाढला. राग मात्र वाढला नाही : ना त्यांच्या स्वतःच्या उत्तरांत, ना जवळच्या माणसांच्या निरीक्षणात. विरुद्ध पुरावाही नोंदविला पाहिजे. २००० मध्ये पोप व सहकाऱ्यांनी तितकीच मात्रा गाठून ५० पुरुष तपासले. ४२ जणांत फरक नगण्य होता, ६ जणांत सौम्य, परंतु २ जणांत उन्मादसदृश अवस्था स्पष्ट दिसली. म्हणजे थोड्यांच्या बाबतीत स्राव खरोखरच काही करतो. प्रश्न आहे तो त्या ‘काही’ला कोणते नाव द्यावे, हा.

येथे रॉबर्ट सपोल्स्की यांच्या १९९७ मधील टेस्टोस्टेरॉनविषयक निबंधातील एक दाखला उपयोगी पडतो. टॅलापॉइन जातीच्या पाच नरांच्या कळपात मान क्रमाने ठरलेला असतो. तिसऱ्या क्रमांकाच्या नरास टेस्टोस्टेरॉन भरपूर दिले, तर तो अधिक मारकुटा होतो खरा. पण पहिल्या दोघांवर तो चालून जात नाही. मार वाढतो तो चौथ्या-पाचव्याचा. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर स्रावाने क्रियेचा जोर वाढविला, पण कर्म बदलले नाही. कर्म आधीच समाजाने ठरविलेले होते. ‘आक्रमकता’ या नामात हे कर्म मावत नाही, म्हणूनच त्या नामावर उभारलेले सहसंबंध क्षीण येतात.

आपली बोली याबाबतीत शास्त्रीय परिभाषेहून सावध आहे. ‘मद’ हा नर हत्तीचा. त्या काळात त्याचे टेस्टोस्टेरॉन अनेक पटींनी वाढते, हे आता मोजून कळले आहे. परंतु भाषेने तो शब्द उचलला तो धनमद, सत्तामद असा. ‘माजावर येते’ ती गाय किंवा म्हैस. माणसाला मात्र माज येतो तो पैशाचा, अधिकाराचा. षष्ठीचा हा प्रत्यय फार मोलाचा आहे, कारण तो कारण बाहेर दाखवितो. उलट, बैल खच्ची करण्याच्या व्यवहारातून ‘मनोबल खच्ची करणे’ हा प्रयोग आला, त्यात धैर्य वृषणात असल्याचा जुना समज तसाच राहिला आहे. म्हणजे बोलीत दोन्ही सिद्धांत नांदतात; अभ्यासकाने कोणता उचलला याची जाणीव त्याला असावी, इतकेच.

ही केवळ शब्दांची कसरत नव्हे. २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर औषधाने पुरुषत्व नष्ट करण्याच्या शिक्षेची मागणी झाली. जानेवारी २०१३ मध्ये अहवाल देणाऱ्या न्यायमूर्ती वर्मा समितीने ती शिफारस केली नाही. त्या मागणीच्या मुळाशी हेच गृहीत होते की हिंसा हा स्राव आहे, तो आटविला की संपली. तसे मानले की ज्याच्यावर हिंसा होते ती व्यक्ती, आणि तिलाच कर्म ठरविणारी व्यवस्था, दोन्ही वाक्यातून गळतात. दुसऱ्या टोकाला, वर्गातला अंगापिंडाने थोराड मुलगा काही करण्याआधीच दांडगट ठरतो.

म्हणून या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्यांस एक साधी सूचना करावीशी वाटते. ‘आक्रमकता’ असे जेथे लिहावेसे वाटेल तेथे एक पूर्ण वाक्य लिहावे : कर्ता, कर्म, क्रियापद व प्रसंग यांसह. मारले, की धमकावले, की केवळ पुढे सरसावला, हे तेथे उघड होईल. स्राव व देह यांना त्या वाक्यात स्थान आहेच. पण ते क्रियाविशेषणाचे आहे, कर्त्याचे नव्हे.