भीती मोजण्याची पट्टी

वृद्ध स्त्रीचा खुबा मोडला तर क्ष-किरणांनी तो दिसतो. पुन्हा पडण्याची तिची भीती कशी दिसावी? अमेरिकेतील मेरी टिनेटी व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये त्यासाठी दहा प्रश्नांची पट्टी तयार केली. २००५ मध्ये युरोपातील संशोधकांनी तिची सोळा प्रश्नांची आंतरराष्ट्रीय आवृत्ती काढली. प्रत्येक काम करताना पडण्याची काळजी किती वाटते, यास १ ते ४ गुण. एकूण १६ ते ६४. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर ही पट्टी कितपत लागू पडते, ते पाहू.

आधी तिचे श्रेय. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, हाडांची झीज भरून येण्यापेक्षा वेगाने होते आणि साध्या पडण्यानेही मनगट, मणका वा खुबा मोडू शकतो. एवढे आपण वर्गात सांगतो. पण भीतीने हालचाल थांबली की स्नायू दुबळे होतात, तोल बिघडतो आणि पडण्याचा धोका वाढतो. २००८ चे 'फ्रॅक्स' हे अस्थिभंगाचा धोका सांगणारे गणित वय, वजन, धूम्रपान विचारते. आधी पडल्याचा प्रश्न मूळ गणितात नाही. ही उणीव पाहता भीतीची पट्टी महत्त्वाची ठरते.

आता दोष. सोळा कामांत खुर्चीतून उठणे, जिना चढणे, वाजणारा फोन थांबण्याआधी उचलणे ही कामे आहेत. पाड्यावरची आजी उकिडवी बसून चूल पेटवते. घराला जिना नाही. निसरडी जमीन आणि चढउतार हे प्रश्न तिला लागू पडतात. पण डोक्यावर हंडा असला की तोच उतार वेगळा होतो. गुरुत्वमध्य वर सरकतो, एक हात अडकतो, पायाखालचे नीट दिसत नाही. लावणीच्या दिवसांतील ओला बांध, रात्री पावसात अंगणाबाहेर जाणे, यांविषयी पट्टी गप्प आहे.

याहून मोठा दोष अर्थाचा आहे. एखादी बाई 'काळजी वाटत नाही' म्हणते, कारण तिचा तोल चांगला आहे. दुसरी तेच म्हणते, कारण पाणी आणायला दुसरे कोणी नाही; भिऊन चालणार कसे? दोघींना गुण मात्र सारखेच. जी काम सोडून बसली आहे तिने 'केले असते तर' अशी कल्पना करून उत्तर द्यायचे. म्हणजे काम सुटले, ही सर्वांत बोलकी गोष्ट बेरजेत हरवते.

प्रश्न बदलले तर इतर देशांशी तुलना कशी करणार, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. म्हणून सोळा प्रश्न तसेच ठेवून स्थानिक प्रश्न स्वतंत्र विचारावेत: कोणते काम सोडले? आता ते कोण करते? काही दिवसांनी त्याच बायकांना पुन्हा विचारून उत्तरे जुळतात का, आणि पुढे पडणाऱ्या बायका त्यातून ओळखू येतात का, हे तपासावे. डहाणूत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. अशा तपासणीस ती योग्य जागा ठरेल.

शिक्षकांनाही एक काम करता येईल. विद्यार्थ्यांनी आजीबरोबर पाणवठ्यापर्यंत चालावे आणि ती कोठे पाऊल जपून टाकते, कोठे कशाचा आधार घेते, ते नकाशावर नोंदवावे. कोणती पायरी दुरुस्त करायची, दिवा कोठे लावायचा, हे त्या नकाशावरून ग्रामपंचायतीला सांगता येईल.