प्रसंगबीज आणि इमान : सामुराई-खेळांतील साहसकल्पनांची चिकित्सा

वाङ्मयाच्या अभ्यासात ज्या लेखनप्रकारांकडे अद्याप फारसे कोणी वळलेले नाही, त्यांत भूमिकाखेळांसाठी केल्या जाणाऱ्या लेखनाचा समावेश करावा लागेल. १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला आणि या प्रकाराचा पाया घातला गेला. चारपाच जण एकत्र बसतात. प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेऊन त्याच्या वतीने बोलतो व निर्णय करतो. एक जण सूत्रधार होऊन उरलेले सर्व जग सांभाळतो. आणि जेथे निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. नाटकाची संहिता येथे आधी लिहिलेली नसते. लिहिलेल्या असतात त्या केवळ साहसकल्पना, म्हणजे दोनचार वाक्यांत मांडलेले प्रसंग. त्यांतून पुढे काय होणार हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते.

या कल्पनांना 'प्रसंगबीज' हे नाव देणे सयुक्तिक ठरेल. संस्कृत नाट्यशास्त्राने बीज, बिंदु, पताका, प्रकरी आणि कार्य अशा पाच अर्थप्रकृती मानल्या आहेत. त्यांत प्रथम अल्प रूपाने सूचित होऊन पुढे अनेक दिशांनी विस्तारणारे जे कारण, ते बीज होय. भूमिकाखेळात बिंदूपासून कार्यापर्यंतचा सारा विस्तार खेळाडूंच्या हाती असतो. लेखकाच्या हाती केवळ बीज असते. म्हणून या लेखनाची कसोटीही एकच : बीज सकस आहे की पोचट?

प्रस्तुत निबंधात या लेखनाच्या एका शाखेचा, काल्पनिक जपानात घडणाऱ्या सामुराई-खेळांचा, विचार केला आहे. १९७९ मधील 'बुशिडो', १९८५ मधील 'ओरिएंटल ॲडव्हेंचर्स' आणि १९९७ मधील 'लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज' हे या शाखेतील ठळक ग्रंथ. त्यांपैकी शेवटचा दोन वर्षे आधी आलेल्या पत्त्यांच्या खेळावर आधारलेला असून, त्यातील रोकुगान हे साम्राज्य जपानच्या धर्तीवर कल्पिलेले आहे. तेथे खेकडा, बगळा, सिंह, विंचू अशा प्राण्यांची नावे धारण करणारी मोठी कुळे नांदतात.

सामान्य साहसखेळाचे बीज बहुधा असे असते : डोंगरातल्या गुहेत राक्षस आहे, त्याच्यापाशी धन आहे, राक्षस मारा, धन आणा. येथे पात्राला कोणी धनी नाही, कुळ नाही, घर नाही. सामुराई-खेळाने हा पाया बदलला. सामुराई हा मुळातच कोणाचा तरी सेवक असतो. तो गुहेत जातो तो धनलोभाने नव्हे, आज्ञेने. यामुळे साहसाच्या मुळाशी लोभाच्या जागी ऋण आले. हा बदल क्षुल्लक नव्हे. तथापि ऋण आले म्हणजे बीज आपोआप सकस होते, असे मात्र नाही.

या लेखनात वारंवार आढळणाऱ्या दोन साच्यांचे नमुने पाहावेत. पहिला : 'धन्याच्या सीमेवरील देवळात पिशाच्च शिरले आहे, त्याचा बंदोबस्त करा.' दुसरा : 'बालमित्राला पोट चिरून घेण्याची शिक्षा झाली आहे, शिरच्छेद करून त्याच्या वेदना थांबविण्याचे काम धन्याने तुमच्याकडे सोपविले आहे, मित्र निर्दोष असल्याचे केवळ तुम्हांला माहीत आहे, आणि ते उघड केल्यास धनी खोटा ठरतो.' पहिल्या नमुन्यात पिशाच्च किती बलवान आहे, एवढाच प्रश्न उरतो आणि तो फाशांनी सुटतो. दुसऱ्या नमुन्यात फासे निरुपयोगी आहेत. तेथे पात्राला ठरवावे लागते. आणि काहीही ठरविले तरी काहीतरी गमवावे लागते.

हा भेद व्याकरणाच्या परिभाषेत अधिक नेमका सांगता येतो. पहिले बीज आज्ञार्थात आहे : जा, मारा, आणा. आज्ञार्थाला उत्तरे दोनच. पालन किंवा उल्लंघन. दुसरे बीज कोणत्याही शब्दांत लिहिले, तरी त्याची अंतर्रचना विध्यर्थ आणि संकेतार्थ यांच्या संयोगाची आहे : बोलावे तर धनी जातो, न बोलावे तर मित्र जातो. मराठीला ही रचना नवी नाही. धरले तर चावते आणि सोडले तर पळते, ही लोकोक्ती त्याच घाटाची आहे. ज्या प्रसंगबीजाचा अन्वय या घाटात लावता येत नाही, त्यात धनी, तलवार आणि चेरीची फुले कितीही असली, तरी ते गुहेतल्या राक्षसाचेच बीज होय. त्याने केवळ किमोनो परिधान केला आहे.

जपानी वाङ्मयाला या द्वंद्वाची जाण फार जुनी आहे. तेथे कर्तव्याच्या ऋणाला 'गिरी' आणि अंतःकरणाच्या ओढीला 'निंजो' म्हणतात. चिकामात्सूच्या नाटकांचा प्राण त्यांच्या संघर्षात आहे. १७०१ साली एदोच्या किल्ल्यात तलवार उपसल्याबद्दल असानो या सरदाराला मरणदंड झाला. त्याच्या सत्तेचाळीस निराधार सेवकांनी १७०३ च्या आरंभी सूड उगवला आणि पुढे त्यांतील शेहेचाळीस जणांना स्वहस्ते मरण पत्करावे लागले. ही कथा टिकली ती सुडामुळे नव्हे. सूड घ्यावा तर राजाज्ञेचा भंग, न घ्यावा तर धन्याशी बेइमानी, या पेचामुळे ती टिकली.

असे असता सामुराई-खेळांचा मोठा भाग आज्ञार्थात का अडकतो? याचे एक कारण खेळाच्या यंत्रणेत आहे. यांपैकी बहुतेक खेळांनी अब्रूला आकडा दिला. सत्कृत्य केले की गुण वाढतात, दुष्कृत्य केले की घटतात. आकडा दिला की तुलना सोपी होते. आणि तुलना सोपी झाली की पेच संपतो, कारण ज्या मार्गाने गुण कमी जातात तो मार्ग खेळाडू हिशेबाने निवडतो. रोकुगानच्या रचनाकारांना ही अडचण जाणवली असावी, असे मानण्यास जागा आहे. त्यांचे विंचूकुळ सम्राटासाठी कपट, खून व निंदा अंगावर घेते. म्हणजे त्याची निष्ठा आणि त्याची अब्रू या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. त्या साम्राज्याची सर्वांत जिवंत बीजे या कुळाभोवती आढळावीत, हे साहजिकच आहे.

दुसरे कारण अधिक खोल आहे. एक सेवक, एक धनी आणि आमरण निष्ठा हे चित्र या खेळांनी जपानचे सनातन चित्र म्हणून स्वीकारले. वस्तुतः ते मुख्यत्वे तोकुगावा राजवटीच्या शांततेत घडलेले आहे, आणि पाश्चात्त्य वाचकांपुढे ते इनाझो नितोबे यांच्या १९०० सालच्या इंग्रजी ग्रंथाने विशेष ठसविले. त्यापूर्वीच्या यादवीच्या शतकात धनी बदलणे ही नित्याची गोष्ट होती. तोदो ताकातोरा याने तर अनेक धनी बदलून अखेर मोठी सरदारकी मिळविली. 'सामुराई' हा शब्द 'जवळ राहून सेवा करणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. कोणाजवळ आणि किती काळ, हे त्या क्रियापदात सांगितलेले नाही.

येथे दख्खनचा इतिहास तुलनेस घेणे उपयुक्त ठरते. ती तुलना ओढूनताणून आणलेली नाही. इ. स. १६०० मध्ये सेकिगाहाराच्या लढाईने जपानात असंख्य सैनिक निराधार झाले. त्याच वर्षी अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडून निजामशाहीचे लष्कर विखुरले. जपानात पुढे सत्ता एकवटली आणि धनी बदलण्याच्या वाटा हळूहळू बुजल्या. दख्खनमध्ये त्या वाटा पुढील शतकभर खुल्या राहिल्या.

या खुल्या वाटांची साक्ष शब्दच देतात. 'नोकर' हा शब्द फारसीतून आला असला तरी त्याचे मूळ मंगोल आहे. मुळात तो स्वेच्छेने नायकाच्या मागे जाणाऱ्या साथीदाराचा वाचक होता. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. घोडा कोणाचा, या एका गोष्टीवर स्वारास धनी सोडून जाण्याची मोकळीक किती, हे बऱ्याच अंशी ठरत असे. धनी गमावलेल्या सामुराईला जपानी भाषेत 'रोनिन', म्हणजे लाटेवरचा माणूस, म्हणतात. मराठी कागदांत याच्या जवळचा शब्द 'परागंदा' हा आहे. परंतु परागंदा होणारा धन्याला मुकतोच असे नाही, तो मुकतो गावाला आणि वतनाला. या एका शब्दभेदात दोन समाजांचा भेद सामावला आहे. येथील लढवय्याला दोन नांगर होते : एक चाकरीचा आणि एक वतनाचा. चाकरी बदलता येत असे. वतन सुटले की माणूस उखडला जाई.

मलिक अंबरचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याच्या पदरी आला. धन्याच्या मृत्यूनंतर मोकळा झाला. विजापूरच्या चाकरीत राहिला. मग स्वारांची तुकडी बांधून परतला. निजामशाही बुडाली असे मोगल मानीत असता त्याने परांड्यास नवा निजामशहा गादीवर बसविला आणि १६१० मध्ये खडकी हे नगर वसविले. तेच पुढे औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले. म्हणजे या शहराचा संस्थापक निराधार सैनिकच होता. फरक इतकाच की त्याने धनी शोधला नाही, धनी निर्माण केला. सामुराई-खेळाच्या चौकटीत या कृतीला आकडा देता येत नाही. ही स्वामिनिष्ठा की महत्त्वाकांक्षा, हा प्रश्न उत्तरासाठी नव्हेच. तो बीजासाठी आहे.

१६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे निजामशाहीकडून आणि त्यांचे श्वशुर लखुजी जाधव मोगलांकडून उभे होते. लखुजी पुन्हा निजामशाहीत आले, आणि १६२९ मध्ये देवगिरीच्या दरबारात पुत्रांसह मारले गेले. त्यानंतर शहाजीराजांनी मोगलांची चाकरी धरली, ती सोडली, आणि १६३३ मध्ये पेमगिरीस निजामशाही वंशातील एका बालकाला गादीवर बसविले. मधल्या काळात, १६३० च्या सुमारास, दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला होता. ज्याला इमान एकच ठाऊक आहे, त्याला या घटनाक्रमात केवळ चंचलता दिसेल. इमानाला अनेक पदर असतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला प्रत्येक वळणावर एक प्रसंगबीज दिसेल.

याचा सर्वांत स्वच्छ नमुना १६५९ मधील आहे. अफझलखान चालून आला, आणि खानास सामील व्हावे अशी आदिलशाही फर्माने मावळच्या देशमुखांना आली. कान्होजी जेधे पुत्रांसह शिवाजीमहाराजांकडे आले. जेधे करिन्यानुसार महाराजांनी वतनाचा धोका त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा कान्होजींनी वतनावर पाणी सोडले. खंडोजी खोपडे यांनी उलट वाट धरली. येथे वतन राखावे तर इमान जाते आणि इमान राखावे तर वतन जाते, हा अन्वय अगदी उघड आहे. आणि त्याच पेचातून दोन माणसांनी दोन उत्तरे काढली, हेही उघड आहे. चांगल्या बीजाचे लक्षण हेच, की त्यातून एकच झाड उगवत नाही.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. पूज्य पुरुषांना खेळातील सोंगट्या करणे कितपत योग्य? आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु त्याचा रोख थोरांच्या भूमिका घेण्यावर आहे. त्या घेण्याचे कारणच नाही. त्यांचे निर्णय होऊन गेलेले आहेत, आणि ज्याचे उत्तर ठाऊक आहे ते बीज नव्हे. भूमिका घ्यावयाची ती अनामिकाची : लखुजींच्या वधानंतर त्या रात्री देवगिरीच्या तटावर पहारा असलेल्या, सिंदखेडात सोयरीक असलेल्या शिलेदाराची, दुष्काळात धन्याचा वसूल आणावयास निघालेल्या आणि वाटेत आपलेच गाव ओस पडलेले पाहणाऱ्या बारगिराची, फर्मान घेऊन मावळात आलेल्या, ते कोणाला पोचवावे आणि कोणाला पोचवू नये हे ज्याच्या हाती आहे अशा जासुदाची. या तिघांपुढील प्रश्नांना इतिहासाने उत्तरे लिहून ठेवलेली नाहीत.

या तिन्ही बीजांत सामुराई-खेळांना बहुधा न दिसणारा एक घटकही आपोआप येतो. तो म्हणजे रयत. धन्याची अब्रू ज्या धान्यावर उभी असते ते धान्य पिकविणारा मनुष्य रोकुगानच्या बीजांत बहुतेक वेळा पिशाच्चाचा बळी म्हणून येतो. त्याचे सेवकावर काही ऋण आहे, असे मानले जात नाही. १९५४ च्या 'सेव्हन सामुराई' या चित्रपटात अकिरा कुरोसावांनी निराधार सामुराईंना शेतकऱ्यांच्या पदरी उभे केले आणि हे ऋण मध्यभागी आणले. दख्खनमध्ये ते ऋण वतनाच्या रूपाने व्यवहारातच होते, कारण देशमुख हा गावांपासून तोडता येणारा सैनिक नव्हता.

सारांश, सामुराई-खेळांनी साहसाच्या मुळाशी ऋण आणले, हे त्यांचे श्रेय निःसंशय होय. ते ऋण एकच मानले आणि त्याला आकडा दिला, ही त्यांची मर्यादा. ही मर्यादा केवळ त्या खेळांची नाही. मराठीतील लोकप्रिय ऐतिहासिक कथालेखनही स्वामिनिष्ठ आणि फितूर अशा दोनच रकान्यांत माणसे बसवीत आले आहे, आणि त्या प्रमाणात त्याची बीजे पोचट झाली आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या उपेक्षित लेखनप्रकाराकडे वळावे ते यासाठी. दोनचार वाक्यांचे प्रसंगबीज तपासताना जी दृष्टी लागते, तीच दृष्टी बखर, पोवाडा आणि कादंबरी तपासतानाही लागते : माणसाने काय केले, हे विचारण्यापूर्वी त्याच्यापुढे कोणती दोन ऋणे उभी होती, हे विचारणे.