पेर्नकोफचा अ‍ॅटलस: सही पुसली, देहांचं काय?

'कलाकार वाईट, पण कलेचं काय?' या वादात आपण बहुतेक वेळा गायक नाहीतर दिग्दर्शक धरतो. संशोधनाकडे वळणाऱ्यांनी मात्र पेर्नकोफचा शरीररचनेचा अ‍ॅटलस समोर ठेवावा.

एडुआर्ड पेर्नकोफ हा नाझी प्राध्यापक. 1938 मध्ये व्हिएन्नात वैद्यक शाखेचा डीन झाला. त्याच्या अ‍ॅटलसमधली चित्रं खरंच अफाट आहेत. बारीकशी नसही कुठून कशी जाते ते लख्ख दिसतं. म्हणून काही सर्जन ती अलीकडेपर्यंत उघडत आलेत. एरिक लेपिअर हा त्यातला चित्रकार सहीत नाझी स्वस्तिक काढायचा. पुढच्या आवृत्त्यांत ते पुसलं गेलं. झालं, कला वेगळी!

पण टेबलावरचा देह कोणाचा? 1998 मध्ये विद्यापीठाच्याच चौकशीतून समोर आलं, की नाझी काळात मृत्युदंड दिलेल्या किमान 1377 जणांचे देह शरीररचना संस्थेत आले होते. त्यातले कोण कुठल्या पानावर आहेत, हे चित्र बघून कळत नाही.

म्हणजे इथे गुन्हा कलाकाराच्या खाजगी आयुष्यात नाही, तो चित्राच्या कच्च्या मालात आहे. म्हणूनच मला चित्रं वापरण्यापेक्षा ती सही पुसणं जास्त खटकतं. त्यात फायदा शिल्लक राहिला, पुरावा तेवढा गेला. रब्बी जोसेफ पोलाक यांच्या 'व्हिएन्ना प्रोटोकॉल'ने जीव वाचवण्यासाठी वापराला मुभा दिली, पण चित्रं कुठून आली हे उघड सांगायच्या अटीवर. अट पटते. फक्त ती ऑपरेशन थिएटरपुरती का? वर्गात स्लाइडवर तीच आकृती टाकणाऱ्यालाही ती लागू हवी.